कडी निघेना

मोर्शी, ता. ९ नोव्हेंबर १९३१
अकोल्याहून बदली झाली ते बरेच झाले. खुशालराव पाटलांच्या घरामागची खोली मिळाली. खिडकीतून त्यांचा संत्र्यांचा बगीचा दिसतो. आल्याआल्या त्यांनी टोपलीभर संत्री पाठवली. शाळा जवळच आहे. इथे मला कोणी ओळखत नाही, याचेच फार सुख वाटते. अकोल्यास भर वर्गात धोतर ओले झाले, तेव्हापासून मुले मला काय म्हणत ते इथवर आलेले नाही. लघवी आवरत नाही, हे फक्त पत्नीला ठाऊक होते. ती गेली.

ता. १४
खुशालरावांनी पोथी वाचायला बोलावले आहे. शेजारपाजारचेही ऐकायला येतात म्हणे. पत्नी गेल्यापासून मला कोणी आपणहून घरात बोलावले नव्हते. लगेच हो म्हणालो. पण इतका वेळ एका बैठकीत बसायचे कसे? पेटीत पडद्याची पितळी कडी आहे. ती लघवीच्या जागी चढवली की थेंबही गळत नाही.

ता. १६
वाचन छान झाले. धोतर कोरडे. म्हाताऱ्या बाया पाया पडल्या. खोलीवर आलो तर कडी निघेना. सूज आहे. तेल लावले.

ता. १७
कडी आता दिसतही नाही. दोन्हीकडून मांस वर आले आहे. लघवी तुंबली. शाळेत ताप म्हणून कळवले. दवाखाना बाजारातच, पण तिथल्या कंपाउंडरचा मुलगा माझ्या वर्गात आहे. जाणार नाही. खुशालराव दारावर हाक मारून गेले. ओ दिली नाही.

ता. १८, सकाळ
काळेनिळे पडले आहे. ओटीपोट दगडासारखे. साबण, गार पाणी — काही नाही. दुखायचे थांबले. हात लावला तर दुसऱ्या कोणाचे अंग —

दुपार, अमरावती
खुशालरावांनी दार फोडले. मोटार करून इस्पितळात आणले. वाटेत त्यांना सारे सांगितले. ते म्हणाले, “माह्या बापालेबी तसंच होतं, गुरुजी. आमी त्याले गोधडीवर बसवत होतो. काहून नाई सांगतलं मले?”


डॉक्टरांनी सुई टोचली. कळली नाही. कधीपासून कळत नाही, विचारले. सकाळपासून, म्हणालो. त्यांनी मान खाली घातली. कडी कापता येईल. बाकीचे वाचेल की नाही ते —

कानस आली. खुशालराव बाहेर जात नाहीत. डावा हात त्यांच्या हातात. वही ठेवा म्हणतात —

घासल्याचा आवाज येतो आहे. लागत मात्र काहीच —