एकाच बशीतले दाणे

४ मार्च

वन्संना,
स. न. वि. वि.

तुम्ही आमचं घर सोडल्याला पाच वर्षं झाली. तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण माझ्या चिमीच्या विज्ञानाच्या पेपरातल्या उत्तरावर तुम्ही लाल फुली मारलीत, तेव्हा गप्प कशी बसू? भिजलेल्या बार्लीच्या दाण्यात संप्रेरक गर्भात तयार होतं, तिथून ते सालीखालच्या पापुद्र्याकडे जातं, मग पिठाची साखर होते, असं पोरीनं लिहिलं. चुकलं काय त्यात? माल्टच्या कारखान्यात मी बारा वर्षं भिजलेली बार्ली उपसतेय. यंत्रात टोक तुटून गर्भ गेलेला दाणा कितीही भिजवा, खडूसारखा टणक राहतो. तुमच्या नोट्समध्ये मात्र सगळी करामत पिठाचीच!

या चार गुणांपायी तिची विज्ञान शाखा हुकणार आहे. शाळेत प्रवेशाची यादी वीस तारखेला लागते. पोरीची हुशारी माझ्याकडून आलीय, त्यात तुमच्या घराण्याचा काडीचाही वाटा नाही. ते डोळ्यांत खुपत असेल तर सरळ सांगा.

लोभ किती आहे ते पेपरावर दिसलंच.

तुमची वहिनी

१० मार्च

सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. त्याआधी तुमची बडबड शिक्षकांच्या खोलीत पोचली होती. मी तोंडाची वाफ दवडत नाही, प्रयोग करते. वीस दाणे ब्लेडनं मधोमध कापले. गर्भाचे अर्धे आणि गर्भाविना बोडके अर्धे एका मोठ्या बशीत, उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवले. चार दिवसांनी बोडके चिमटीत दाबले, तर आतून पातळ रस बाहेर आला. आयोडीन टाकलं, पिठाला येतो तो निळा रंग नावापुरता. म्हणजे गर्भ नसतानाही पिठाची साखर झाली. फुली कायम राहील. कारखान्यात घमेली उचलली म्हणून विज्ञान येत नाही.

दादाला नमस्कार सांगा. तुम्हाला काय सांगायचं ते वर सांगितलंय.

तुमची नणंद

१२ मार्च

वन्संना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मी चिमीला मोठ्यानं वाचून दाखवलं, घमेल्यांसकट. ती चिडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की आत्यानं दोन्ही अर्धे एकाच बशीत का ठेवले? गर्भातून निघालेलं संप्रेरक पाण्यात उतरलं असेल आणि ते बोडक्यांनी ओढून घेतलं असेल, असं तिचं म्हणणं. पोरींना उत्तर दहादा तपासायला लावता, आणि स्वतःला दुसरी बशी मिळाली नाही? पुन्हा करून बघा. वीस तारीख थांबणार नाही.

लोभ राहू द्या, गुण पाठवा.

तुमची वहिनी

१८ मार्च

सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

दोन बशा घेतल्या. बोडक्यांत नखसुद्धा रुतलं नाही. आयोडीन टाकल्याबरोबर काळेनिळे पडले. चार गुण दिलेत. चूक माझी होती, हे मोठ्या बाईंना सांगितलं. तिन्ही वर्गांतून नोट्स परत घेतल्या, चिमीची भर वर्गात माफी मागितली. तुमची मागणार नाही.

काडीचाही वाटा नाही म्हणालात, ते मला फार लागलं. दहा वर्षं ती माझ्या खोलीत झोपली. माझ्या मांडीवर अक्षरं गिरवली तिनं, आणि कुणी काही सांगितलं की ‘कशावरून?’ विचारायचं, तेही तिथेच शिकली. तेव्हा आपण तिघी एकाच बशीत होतो, वहिनी. कुणाचं काय कुणात उतरलं, ते आता दुसरी बशी घेऊन तपासता येणार नाही.

उत्तराची अपेक्षा नाही.

नणंद

२१ मार्च

वन्संना,
स. न. वि. वि.

यादी पाहिली. नाव आहे.

चिमी रविवारी तुमच्याकडे येतेय. हट्ट तिचाच, मी फक्त हो म्हटलं. मी येणार नाही. तिच्या हातात ब्लेड देऊ नका. बोट कापून घेते आणि कुणाला सांगत नाही. हे ती माझ्याकडून शिकलेली नाही.

वहिनी