चाहूल दिल्याशिवाय दबा नाही

बाबा, आज रविवार आहे आणि चुलतभावाने कपाटातून तुमचे फासे काढले आहेत. म्हणून लिहितो.

जहाजावरच्या भटारखान्यातली तुमची नोकरी सुटली, तेव्हा घरी आलेल्या सामानात तो खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. फासे आणि एक इंग्रजी पुस्तक. तुम्ही गोष्ट सांगायची, आम्ही त्या गोष्टीतले शिपाई व्हायचे, आणि लढाई जुंपली की फासे टाकायचे. भुईगावची आपली ओटी, जेवणं झालेली, आई आत भांडी घासते आहे, आणि तुम्ही सांगता आहात की केळीच्या बनात शत्रू दबा धरून बसला आहे. एक किंवा दोन पडले तर आम्ही बेसावध. पहिली फेरी शत्रूची, आम्ही नुसतं उभं राहायचं. माझे नेमके दोन पडायचे. "काका, ह्याला लढाई संपल्यावर उठवा," चुलतभाऊ म्हणायचा.

पण पुस्तकात नसलेला एक नियम तुम्ही स्वतः घातला होता. चाहूल दिल्याशिवाय दबा नाही. फासे टाकण्याआधी तुम्ही टिटवीचा आवाज काढायचात, नाहीतर गोष्टीतला रहाट मध्येच थांबवायचात. ज्याच्या लक्षात आलं त्याने "थांबा" म्हणायचं. मग तो बेसावध धरला जायचा नाही. एकदा चुलतभावाने तुमच्या जागी बसून, काही न सुचवता, माझा शिपाई मारला. तुम्ही त्याला झापलंत. "चाहूल न देता मारणं म्हणजे दबा नव्हे रे, दगा." मी ते वाक्य ऱ्हस्व-दीर्घ तपासून पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

मग तो रविवार. तुम्ही मला शिंप्याकडून आणलेली फुल पँट दिलीत, माझी पहिली. "पायाला एवढं का दुमडलंय?" मी विचारलं. "वाढशील," तुम्ही म्हणालात, आणि टिटवीचा आवाज काढलात. मी लगेच "थांबा" म्हणालो. त्या दिवशी मी एकदाही बेसावध सापडलो नाही.

सोमवारी तीच पँट घालून शाळेला निघालो, तर तुम्ही सायकल काढलीत. "बस मागे." शाळेचं वळण मागे पडलं. गोखिवऱ्याला एका कारखान्याच्या पत्र्याच्या गाळ्यात मालकाने मला खालून वर पाहिलं. "हाच का? पंधरवडा झाला वाट बघतोय." आठवीतून माझं नाव तुम्ही आधीच काढलं होतं. "मन लावून कर," म्हणालात आणि सायकल वळवलीत. मी नुसता उभा राहिलो.

पंधरवडा म्हणजे दोन रविवार, बाबा. दोन रविवार तुम्ही मला खोट्या शत्रूंची चाहूल देत होतात. जहाजाचं बोलावणं आता येणार नाही, हे मला कळलं असतं. सांगितलं असतंत तर रडलो असतो, आणि गेलोही असतो. पुढे तुम्हीच गेलात, आणि विचारायचं राहून गेलं. चुलतभाऊ म्हणतो, "ती दुमड हीच चाहूल होती, तुलाच ऐकू आली नाही." मला ते पटत नाही.

तो ओटीवरून हाका मारतो आहे. हे पत्र ट्रंकेत, त्या पुठ्ठ्याखाली ठेवीन. पँटही तिथेच आहे. काल घालून पाहिली. तुम्ही ठेवायला सांगितलेली पायाची दुमड अजून तशीच आहे, बाबा. मी तेवढा वाढलो नाही.