सकाळचे पंधरा थेंब

ता. ९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय खारू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र आधी टेबलावर उपडं ठेवशील, हे मला माहीत आहे. ठेव. चहा पी, मग उघड.

आम्ही बरे आहोत. बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ते त्याला फार बोलू देत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे तुझ्या शाळेतल्या मापाचा कागद अजून आहे म्हणे. "आता त्यात तिचा एक हात तरी मावेल का गं?" असं विचारत होत्या. तुझ्या मांजरीचं पोट बरं झालं का?

सप्टेंबरात फोनवर आपलं जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नव्हते. फिशटँकबद्दल लिहायला बसले होते. पण त्या दोन गोष्टी आता वेगळ्या राहिलेल्या नाहीत.

टाकी तुला आठवते ना? बाबांचं नकाशाचं टेबल होतं तिथेच, खिडकीच्या बाजूला. निवृत्तीनंतर त्यांनी टेबल काढलं आणि तिथे झाडांची ही टाकी आणली. मासे नावाला सहा, बाकी सगळी हिरवळ. रोज सकाळी आठला त्या झाडांसाठी खताचे पंधरा थेंब. ओठ हलवत मोजायचे, झाकण लावायचं आणि कॅलेंडरवर बारीक खूण करायची. चाळीस वर्षं नकाशे काढलेला माणूस, खूणसुद्धा अशी की मोजपट्टी लावून घ्यावी.

जूनमध्ये माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. औषध घातलं, ठिपके गेले. शोभेच्या माशांच्या दुकानातल्या बाईंनी मला एक काळ्या दाण्यांची पुडी दिली. कार्बन, म्हणजे एक प्रकारचा कोळसाच. फिल्टरमध्ये ठेवायचा, तो उरलेलं औषध ओढून घेतो. आठवड्याने काढून टाकायचा.

ठेवला. दोन दिवसांत पाणी असं लखलखीत झालं की मी बघतच राहिले. टाकीतल्या त्या लाकडाच्या मुळामुळे पाण्याला कायम फिक्या चहाचा रंग असायचा. बाबांना तो आवडायचा, "नदीचं पाणी असंच असतं" म्हणायचे. मला मात्र आल्यागेल्याला वाटेल की आम्ही टाकी धूत नाही, असं वाटायचं. तो रंगच गेला. बाबांना वाटलं, औषधाचा परिणाम. मी काही बोलले नाही. आठवड्याने पुडी काढली आणि नवी ठेवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा. बाबा दुपारी आडवे झाले की. जुलैपासून दोन-दोन ठेवायला लागले.

ऑगस्टमध्ये झाडांची पानं पिवळी पडायला लागली.

"बाबा, खत घातलं का?"

"घातलं की."

"नक्की?"

त्यांनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. आणि मी म्हणाले, "खूण करायची हाताला सवय आहे बाबा. खूण केली म्हणजे खत घातलं असं होत नाही."

त्यांनी बाटलीचं झाकण उगाच एकदा उघडून पुन्हा लावलं.

त्यानंतर मी रोज विचारायला लागले. बाटली वेळेवर संपत आली, तेव्हाही मला वाटलं, सांडत असतील. मग मला सगळीकडे विसरणंच दिसायला लागलं. चष्मा सापडत नाही, लिहून घेतलं. चष्मा तर ते तीस वर्षं शोधताहेत! दुधाचं भांडं उतू गेलं, लिहून घेतलं. ते माझ्याच हातून गेलं होतं. त्यातूनच तो वृद्धनिवासाचा फॉर्म आला. त्यावर दोन्ही मुलींच्या सह्या लागतात म्हणून तुला फोन केला. तू म्हणालीस, "ताई, बाबांना अजून जुन्या रस्त्यांची लांबी तोंडपाठ आहे, आणि पंधरा थेंब विसरतात?" मी म्हणाले, लांब राहून बोलायला काय जातं. तू फोन ठेवलास.

ऑक्टोबरात मी बाटली माझ्या कपाटात ठेवली आणि खत स्वतः घालायला लागले. तीन आठवडे, एक दिवस न चुकता. पानं पिवळीच.

गुरुवारी एक पान ओल्या रुमालात गुंडाळून दुकानात नेलं. बाईंनी उजेडाकडे धरलं.

"नवं पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी पडतंय. खत घालता ना?"

"रोज. मी स्वतः."

"फिल्टरमध्ये काय आहे?"

"स्पंज. आणि तुमचा कार्बन."

"माझा? जूनचा?"

"नाही, दर आठवड्याला नवा. दोन पुड्या."

बाईंनी हातातली जाळी खाली ठेवली. "अहो ताई, तो औषध काढायला दिला होता! खतातलं लोहही ओढतो तो. सगळंच खत खातो असं नाही, बरंचसं सोडतो. पण तुम्ही दर आठवड्याला ताजा, तोही दुप्पट! एका हाताने वाढायचं आणि दुसऱ्या हाताने ताट ओढायचं. जुना राहिला असता तर निदान दमला असता बिचारा. तुम्ही त्याला दमूही दिलं नाहीत."

घरी येऊन दोन्ही पुड्या काढल्या. मग बाबांचे खुंटीवर महिनाभर तसेच राहिलेले शर्ट धुवायला घेतले. एकाच्या खिशात बारीक घडीचे कागद होते, सतरा. त्यांच्या त्या नकाशातल्या अक्षरात: 'खत घातलं, ८.०५.' 'खत घातलं, ८.०२, बाटली खिडकीत ठेवली.' एकावर फक्त, 'घातलं. नक्की.'

खारू, माझा बाप स्वतःसाठी पुरावे गोळा करत होता.

अजून एक आहे, ते तुला कधी सांगितलं नाही. आमच्या रुग्णालयाची दुसऱ्या गावी नवी इमारत होते आहे. तिथला नोंदींचा विभाग उभा करायला मला विचारलंय, दोन वर्षांसाठी. जुलैतच विचारलंय. मला जायचं आहे. फार जायचं आहे. पण "मला जायचंय" म्हणण्यापेक्षा "बाबांना आता एकटं ठेवता येणार नाही" म्हणणं सोपं गेलं. पान पिवळं दिसलं तेव्हा मला वाईट वाटलं, आणि त्याच्या मागोमाग थोडं बरंही वाटलं. हे लिहायला तीन कागद फाडले.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगितल्याशिवाय हे पत्र टाकणार नाही.

ता. ११, मंगळवार

सांगितलं. सकाळी, चहा झाल्यावर. फॉर्मसुद्धा समोर ठेवला.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी घालत होतो."

"हो बाबा."

"रोज?"

"रोज."

ते उठले, कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं, ऑगस्टचं पान काढलं. "एकोणीस तारीख सोड. त्या दिवशी खरंच विसरलो होतो. तरी खूण केली." जरा थांबून म्हणाले, "तुझ्या भीतीने."

मला हसू आलं आणि मग हसता येईना. त्यांनी मला तसंच बसू दिलं.

"तपकिरी पाणी आवडत नव्हतं तर सांगायचंस की. मूळ चार वेळा उकळून त्याचा रंग काढून टाकला असता."

मग नोकरीचं सांगितलं. म्हणाले, "जा की. विचारायचं काय त्यात?"

"आणि तुम्ही?"

"अगं मोठे, मी म्हातारा आहे, विसरभोळा नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत. खाली शिंपीण आहे. धाकटीला विचार, महिन्यातून दोन दिवस जमतं का. नाही जमलं तर तसं सांग म्हणावं, उगाच माझ्यात रोग शोधू नका."

मग त्यांनी फॉर्म उलटा केला. "मागची बाजू कोरी आहे. कागद बरा आहे," म्हणाले, आणि पेन्सिल मागितली.

तो सोबत पाठवते आहे. टाकीचा नकाशा आहे, तुझ्यासाठी. कुठलं झाड कुठे, फिल्टर कुठे, कोपऱ्यात प्रमाणसुद्धा दिलंय. डावीकडे एक बारीक फुली दिसेल. पहिलं हिरवं पान तिथे येईल, असं त्यांचं म्हणणं. मला विचारशील तर अजून काही दिसत नाही. दोनतीन आठवडे लागतील, असं बाई म्हणाल्या.

महिन्यातून दोन दिवस. जमेल का, हे मी विचारते आहे. सही मागत नाही.

बाटली पुन्हा खिडकीत ठेवली आहे. आज त्यांचा शर्ट धुवायला घेतला, तेव्हा खिशात कागद नव्हता.

फोनची नाही, तुझी वाट पाहणारी,
ताई