टँगनीचं फाटक

३ जुलै, गुरुवार

फाटकाला साखळी! साखळीला कुलूप, आणि वर पाटी — 'आत बैल आहे'. मॅलाकी टँगनीकडे बैल? त्याच्याकडे आहेत मेंढ्या, तोंडाचं बोळकं झालेलं एक कुत्रं आणि तो स्वतः. त्या सगळ्यांत बैलाच्या जवळ जाणारा एकच, आणि पाटी त्यानंच लिहिलीय.

म्हणजे ड्रोमगार डोंगराच्या धारेवरून उतरायची वाट बंद. दर जुलैच्या शेवटच्या रविवारी आमचा डोंगरभटक्यांचा क्लब पूर्वेकडून चढतो, अख्खी धार चालतो आणि पश्चिमेच्या सोंडेवरून टँगनीच्या शेतात उतरतो. तो फ्रॉहनचा रविवार. वर फ्रॉहन, ती बारकी निळी-काळी रानफळं, पिकलेली असतात, आणि माझ्या खापरपणजीपासून सगळ्या जणी त्या दिवशी वर जाऊन जिभा जांभळ्या करून आल्यात. पण जमीन मॅलाकीची. शेतकरी नाही म्हणाला की नाही. कायदा त्याचा आणि कुलूपही त्याचंच.

मला याच वर्षी जायचंय. ऑगस्टात उजवा गुडघा काढून नवा बसवणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नंतर सपाटीवर चाला हवं तेवढं." सपाटीवर! मेल्यावर सपाटच पडायचंय की.

५ जुलै, शनिवार

गेले मॅलाकीकडे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. हवेचं विचारलं, लोकरीचं विचारलं, कुत्र्याच्या दातांचं विचारलं. फाटकाचं सोडून सगळं.

"चहा घेणार?" तो म्हणाला.

"छे छे, आत्ताच घेतला."

ही रीत आहे. पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा 'नको रे, उगाच कशाला त्रास'. तिसऱ्यांदा घ्यायचा, वर केकही खायचा. हे इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तर हा म्हणाला, "बरं." आणि गप्प! किटली तशीच थंड. मी वाट पाहिली. तोही कशाची तरी वाट पाहत असल्यासारखा बसला. शेवटी उठले. एवढा अपमान माझ्या सासूनंही केला नव्हता, आणि ती बाई तर रोज प्रयत्न करायची.

काहीतरी डूख धरलाय मेल्यानं. शाळेत एका बाकावर बसलो होतो आम्ही!

८ जुलै, मंगळवार

पबच्या मागच्या खोलीत बैठक. फर्गस अध्यक्ष. डब्लिनमध्ये बँकेत आयुष्य काढलं, निवृत्त होऊन इथे आला आणि आता उंटावरून शेळ्या हाकतो. नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "उत्तरेच्या घळीतून उतरू. सोपं आहे."

मी म्हटलं, "त्या घळीतून मेंढ्यासुद्धा उतरत नाहीत, पडतात."

"आधी पाहून तर येऊ, नोनी!"

१३ जुलै, रविवार

पाहून आलो. म्हणजे काहीही दिसलं नाही. धारेवर पोचलो आणि असं धुकं आलं की मला माझे बूट दिसेनात. फर्गस हातातल्या वाट दाखवणाऱ्या यंत्राकडे बघत पुढे. "सरळ, सरळ," म्हणत त्यानं आम्हाला त्याच दगडांच्या राशीपाशी पुन्हा आणलं. मग आणखी एकदा. तिथल्या दगडावर माझंच संत्र्याचं साल पडलेलं!

मी जाकीट काढलं, उलटं करून घातलं. चकव्याच्या ढेकळावर पाय पडला की हाच उपाय. आई करायची, आजी करायची.

"तुम्ही शिकलेल्या बाई ना?" फर्गस म्हणाला.

"शिकलेली आहे म्हणूनच मुक्काम नकोय इथे."

थोडा वेळ तो यंत्र थोपटत राहिला. मग गुपचूप त्यानंही जाकीट उलटं केलं. अस्तरावर बदकं! बायकोनं घेतलेलं म्हणे.

आणि धुकं फाटलं. खरंच फाटलं! खाली सगळा उपसागर, बेटं, त्यांच्यावर उन्हाचे पट्टे, आणि अगदी पायांखाली टँगनीचं गंजकं छप्पर. धुराड्यातून धूर. धूर एवढा बारीक की आत एकटाच माणूस असणार हे वरूनही कळत होतं. मी बघतच राहिले. हे पुन्हा दिसणार नाही की काय, असं वाटलं.

मग घळीच्या तोंडापर्यंत गेलो. दोन पावलं उतरले आणि गुडघ्यानं साफ नकार दिला. मला जायचं असेल तर टँगनीच्याच वाटेनं.

१४ जुलै, सोमवार

गुडघ्याचा भोपळा. दिवसभर आडवी. फर्गसचा निरोप, 'बदकांचं कोणाला बोलू नका.' क्लबात सगळ्यांना सांगून झालंय.

१७ जुलै, गुरुवार

घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. दुकानात ब्रीडा बटाटे तोलत होती. म्हणाली, "तुम्हाला खरंच ठाऊक नाही? फेब्रुवारीत मॅलाकीच्या भावाला पुरत होते ना, तेव्हा तुमची लाल-पिवळ्या जाकिटांची वरात धारेवरून चालली होती. दफनभूमीतून सगळ्यांना दिसत होती. फादर प्रार्थना म्हणतायत आणि वरून एक जण हात हलवतोय!"

फर्गस. दुसरं कोण! 'खाली जत्रा दिसतेय' म्हणाला होता. मी तर पाणी पीत होते, वळून पाहिलंही नाही. आदल्या संध्याकाळी त्या भावाच्या, कॉनच्या शवपेटीपाशी रांगेत उभी राहून, मॅलाकीचा हात धरून 'वाईट झालं रे' म्हणून आले होते. झालं, माझं काम झालं असं वाटलं. इथे माणूस एक वेळ लग्न चुकवेल, दफन चुकवत नाही. आणि आम्ही नुसतं चुकवलं नाही, वरून टाटा केला.

मला लाज वाटली. फार वाटली.

१९ जुलै, शनिवार

मनुके घालून सोडा ब्रेड भाजला आणि गेले. आज भांडं लपवलं नाही. दारातच म्हटलं, "मॅलाकी, कॉनच्या दफनाच्या वेळी आम्ही वर हिंडत होतो. चुकलं आमचं. हात हलवला तो फर्गसनं, त्याला माहीत नव्हतं."

त्यानं ब्रेड हातात घेतला. टेबलावर नीट ठेवला.

"हात हलवत होता होय? मला वाटलं, कोणीतरी कॉनला निरोप देतंय. बरं वाटलं होतं."

आता याला काय म्हणायचं! मी बसले.

"चहा घेणार?"

तोंडात 'छे छे' आलंच होतं, तेवढ्यात शेगडीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे लक्ष गेलं. कॉनची खुर्ची. दोघेही बिनलग्नाचे, जन्मभर एका घरात. विचारायचा मॅलाकी, एकदाच, हळू. आपण नको म्हटलं की त्या कोपऱ्यातून कॉन गरजायचा, "बस गं बाये, ओतलासुद्धा!" दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारायचं काम कॉनचं होतं. आता ते करायला घरात कोणी नाही. आणि मी त्याला डूख धरल्याचं लावून बसले होते!

"घेणार," मी म्हटलं. पहिल्याच वेळी! आई थडग्यात कुशीवर वळली असेल.

चहा डांबरासारखा होता. दोन कप प्यायले. निघताना विचारलं, "मग फाटक?"

"रविवारी उघडतो," तो म्हणाला. बंद का केलं होतं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आपलं काम झालं की फार खोदू नये.

२७ जुलै, रविवार

अख्खी धार! पहाटे पाऊस, मग वारा, मग असं लख्ख ऊन की फर्गसनंही यंत्र खिशात टाकलं. बेटावरचं दीपगृह दिसलं. दीपगृह दिसलं की पाऊस येणार, दिसलं नाही की आलाच. आम्ही फ्रॉहन ओरबाडून खाल्ली, जिभा काढून एकमेकांना दाखवल्या. सगळे पेन्शनवाले आणि अक्कल बालवाडीतली. शेवटच्या शिखरावर मी एकटी जराशी मागे राहिले. डोळे भरून पाहिलं. रडलेही. वाऱ्यावर ढकललं.

सोंड उतरताना गुडघ्याला शिव्या घातल्या, त्यानंही मला घातल्या. पण उतरले! फाटक सताड उघडं. मॅलाकी दारात उभा, कधी नव्हे ते टाय लावलेला, केस ओले करून बसवलेले. आम्हाला घाई — पबातल्या टीव्हीवर आपल्या काउंटीच्या संघाची मॅच सुरू होत होती. "देव तुझं भलं करो!" ओरडलो, हात हलवले आणि गाड्यांत बसून पबकडे पळालो.

हरलो. पण काय दिवस!

३० जुलै, बुधवार

फाटकाला पुन्हा साखळी!

तणतणत गेले, लंगडत गेले, दार बडवलं. तो म्हणाला, "ये." किटली उकळतच होती. टेबलावर ठेवणीतले कप उपडे मांडलेले, क्लबातल्या सगळ्यांना पुरतील इतके. मध्ये केक, न कापलेला, कडक झालेला. रविवारपासून तसाच.

"उघडं असलं की तुम्ही सगळे निघून जाता," तो म्हणाला.

मी एक कप सुलटा केला. "साखळी असू दे," म्हटलं.