बाटलीतले आप्पा

प्रिय दादा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, मध्येच कट करतोस, म्हणून लिहिते. निदान वाचताना तरी पुरतं ऐकून घे. वर्षश्राद्धाच्या आत आप्पांच्या पेशी फेकून दे, असं काल तू सुनावलंस. हे शालूआत्याचंच बोलणं, फक्त तोंड तुझं. दहाव्याला माहुलीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा सगळ्या भावकीसमोर ती म्हणाली होती, "आप्पाचा जीव पुण्याच्या बाटलीत आडाकलाय. कावळा शिवंल कसा?" सांगलीला परत जाऊनही तिनं घरोघर तेच सांगितलं. मी इतकी चिडले होते की त्या कावळ्यालाच दगड मारावासा वाटला.

अरे, बाटलीत आप्पा नाहीत. त्यांनी आपणहून दिलेली दंडावरची तांदळाच्या दाण्याएवढी कातडी, तिच्यातून वाढवलेल्या पेशी आहेत. त्या आम्ही प्रयोगशाळेत आधी पार कोऱ्या करतो आणि मग मेंदूतल्या पेशींसारख्या घडवतो. आप्पांचे हातपाय हलवणारे मज्जातंतू मरत गेले, हे डॉक्टरांनी आपल्याला सांगितलंच होतं. पण त्या मज्जातंतूंना खाऊपिऊ घालणाऱ्या, त्यांची घाण काढणाऱ्या आणखी पेशी असतात, त्यांना ग्लिया म्हणतात. सांभाळणाऱ्यांनीच घात केला का, एवढंच मला बघायचंय. आप्पांच्या ग्लियांशेजारी निरोगी मज्जातंतू ठेवले, तर तेही मरतात का? हे उंदरात बघून भागत नाही, माणसाच्याच पेशी लागतात.

आणि हे सोपं नाही रे. महिनोन्महिने जपायचं, सण नाही की रविवार नाही, आणि एका सकाळी बघावं तर बाटलीत बुरशी. पुन्हा पहिल्यापासून. गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा तेच झालं. जिन्यात बसून मी शिव्या हासडल्या, आप्पा पलटणीतून शिकून आले होते त्याच. इकडे सर विचारतात निष्कर्ष कुठायत, तिकडून तू विचारतोस फेकलंस का. वैताग आलाय मला सगळ्यांचा.

आप्पांच्या बोटांतलं बळ गेल्यावर ते चहाचा कप दोन्ही मनगटांत धरायचे, आठवतं? कुणी मदतीला गेलं की डोळे वटारायचे. कातडी द्यायला माझ्याबरोबर पुण्याला निघाले, तेव्हा एसटीत जड जिभेनं म्हणाले, "आज्याला झालं, मला झालं. आता इस्वजीतला हुऊ देऊ नगंस. आन् त्येला सांगू बी नगंस, उगा भेदरंल." मी हो म्हणाले.

म्हणून घाटावर मी गप्प होते. तू आईला सांभाळीन म्हणालास, धनाजीकाकांनी बांधाचं भांडण मिटवतो म्हणून शब्द दिला. कावळा झाडावरून हलला नाही, आणि शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. आत्याच्याच हिशेबानं बोलायचं तर आप्पांची इच्छा त्या कावळ्याला कुणी सांगितलीच नव्हती.

परवा रेश्मावहिनीचा फोन आला. रडत होती. तुझ्या हातातून खुरपं सुटतं, शर्टाची बटणं लावायला तिला हाक मारतोस, आणि वर कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीस. अगदी बापाच्या वळणावर गेलास! नुसती मानेतली नस दबली असेल, देव करो आणि तसंच निघो. पण सोमवारी साताऱ्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी स्टँडवर उभी असेन, कारणं सांगू नकोस. औषध आहे असं खोटं सांगणार नाही, आणि माझ्या बाटल्यांतून कधी काय निघेल ते मलाही माहीत नाही. पण त्या मी फेकणार नाही, तुझ्यासाठीच त्या जगवतेय. आप्पांना दिलेला शब्द मोडून तुला हे सांगितलं. घाटावर म्हणायचं राहिलं ते आता म्हणते: आप्पा, माझ्यात जीव आहे तोवर विश्वजीतचा हात मी सोडणार नाही.

तुझीच, अजूनही चिडलेली,
संयोगिता