एक जूनची बबिता

१२ नोव्हेंबर

नातीचं नाव आलं! विद्यापीठाच्या खो-खो संघात, पहिल्या नऊत. तीन वर्षं राखीव म्हणून बाकावर बसून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या पोरीनं. आता बबिता आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळणार. बोरीच्या स्टँडवर पेढे वाटले, कंडक्टरलाही दिला.

१९ नोव्हेंबर

अर्ज परत आला. एक जुलैला पंचवीस पूर्ण झालेली असतील तर विद्यापीठाकडून खेळता येत नाही म्हणे. दाखल्यावर १ जून २०००. एका महिन्यानं गेली!

खरं तर ती तेवीसची. थाप माझी आहे, आणि ती मला एकट्याला ठाऊक. तिचे आईबाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर, माझी बायको बानू नुकतीच वारलेली — चार वर्षांची पोर मी ठेवू कुठं? शाळेत नेली, सहाची सांगितली. गुरुजी म्हणाले, हात डोक्यावरून नेऊन पलीकडच्या कानाला लावू दे. पुरला की सहा वर्षं झाली असं धरायचे. पोरीचा काही पुरेना. गुरुजी दाराशी कुणाशी बोलायला वळले, तेवढ्यात मी तिचं कोपर ढकललं. तारीख सगळ्यांची टाकायचे तीच, एक जून.

२० नोव्हेंबर

आजही बबिताला सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर

परभणीला जाऊन महारुद्र सरांना भेटलो. संघाचं तेच बघतात. एसटीच्या पाट्या वाचून अक्षरं शिकलेला माणूस मी, तरी सगळं कागदावर लिहून नेलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. घडी घालून माझ्याच खिशात ठेवलं. ‘बाबा, दहावीच्या सनदेवर जी तारीख, तीच खरी. आता काही होत नसतं.’

चहा पाजला. निघताना म्हणाले, तिला दोनदा विचारलं, तारखेत काही चूक आहे का. दोन्ही वेळा ती बरोबर आहे म्हणाली.

बिचारीला काय ठाऊक!

१ डिसेंबर

संघ गेला. हिच्या जागी राखीवातली पिंकी. स्वतःच्या नी-कॅप हिनंच नेऊन दिल्या तिला. परत आली ती थेट कापूस वेचायला.

२ डिसेंबर

रानात सांगून टाकलं. ती थांबली. हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरला.

‘तवा पुरत नव्हता, आबा. तुमी कोपर ढकललं. सरांनी इचारलं तवाबी आठवत होतं.’

पुन्हा वेचायला लागली.