व्रण आणि जाळी

प्रिय आई,

केपटाउनहून गुडघे टेकून नमस्कार.

आमचा अंदाज चुकला. आमच्या प्रयोगशाळेतल्या न्तुलीबाई काचपट्टी कोणत्या उंदराची हे न विचारताच ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात; त्यांनी काल ते पक्कं केलं. मूत्रपिंडातल्या पेशींना धरून ठेवणारी जाळी कापणारं एन्झाइम व्रण साफ करतं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण आजाराच्या सुरुवातीला ते चांगली जाळीही कापतं आणि व्रण वाढवतं.

बाई म्हणाल्या, "काय गं नाकिमुली, झाडणारीच घर फोडत होती की!"

यातून आपल्या धाकट्या किझाच्या मूत्रपिंडासाठी औषध मिळायला वर्षं लागतील. पण त्याचा आजार नवा आहे, व्रण अजून थोडे आहेत. आत्या देते तो झाडाच्या मुळ्यांचा काढा मात्र बंद कर, त्याने मूत्रपिंडाला आणखी अपाय होऊ शकतो. ती रुसली तरी चालेल. किझाच्या पायांची सूज उतरली का?

शुक्रवारी त्याची लघवी तपासतील. प्रथिन कमी झालं असेल, तर डॉक्टर त्याला शाळेत जाऊ देतील.

तुझीच,
नाकिमुली